बारावी सायन्स नसलेल्यांच्या वाटा

बारावी सायन्स न करता इंजिनिअर होता येतं, हे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या जत तालुक्यात अजूनही दर जूनमध्ये नव्याने सांगावं लागतं. मी इथे महा ई-सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा हे वर्षभराचं काम. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने टेबलावर फक्त प्रवेशाचे फॉर्म असतात. नव्वद टक्केवाली मुलं माझ्याकडे थोडीच येतात. जास्त येतात ती आयटीआय झालेली, दहावीला विषय राहिलेली, लग्नामुळे शाळा सुटलेली, ऊसतोडीपायी वर्ष बुडालेली, नाहीतर कर्नाटकात मामाकडे राहून शिकलेली. यातल्या बहुतेकांना नातेवाइकांपैकी किंवा गावातल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की तुझं आता पुढे काही होत नाही. ते खोटं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आयटीआयपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. फिटर ट्रेड केलेला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. बोलता बोलता मी विचारलं, पुढे काय? वडील म्हणाले, "कुपवाडच्या एमआयडीसीत लावायचा. शिकायची लय हौस आहे ओ ताई त्याला, पर बारावी न्हाई नव्हं." मी त्याची मार्कशीट मागितली. दहावी पास, त्यावर दोन वर्षांचा आयटीआय, मार्क चांगले. एवढ्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे दोन वर्षं काढली की डिप्लोमा. डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसरं वर्ष, त्याला सगळे डीएसई म्हणतात. त्यासाठी बारावी लागत नाही आणि सीईटी ही प्रवेश परीक्षाही लागत नाही. डिप्लोमाला खुल्या वर्गासाठी किमान 45 टक्के आणि मागासवर्गीयांसाठी 40 टक्के असले की फॉर्म भरता येतो.

मी त्या दोघांसमोर पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. दहावीनंतर अकरावी-बारावी सायन्स आणि चार वर्षं पदवी, म्हणजे सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं पदवी, तीही सहाच. आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन, पदवीची तीन, म्हणजे सात. फरक फक्त एका वर्षाचा, आणि त्यात मशीनवर बसलेला हात आहे तो वेगळाच. वडील त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग तो घडी घालून खिशात ठेवला. दाखल्याबरोबर डिप्लोमाचाही फॉर्म भरून गेले.

इथे एक अट नीट लक्षात घ्या. ही सोय दोन वर्षांच्या ट्रेडला आहे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) असे एक वर्षाचे ट्रेड यात धरत नाहीत. आठवी-नववीनंतर आयटीआयचा विचार करणाऱ्या घरांना मी हे मुद्दाम सांगते. पुढे शिकायची थोडी जरी इच्छा असेल तर दहावी पूर्ण करा आणि ट्रेड दोन वर्षांचा घ्या. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे सगळे दोन वर्षांचे आहेत. ट्रेड निवडताना हे सांगायला समोर कुणी नसतं, आणि वर्षभरात नोकरी मिळते म्हणून मुलं कोपा घेतात. कोपा वाईट नाही. पण तो घेताना पुढची वाट कुठे थांबते हे मुलाला माहीत असायला हवं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाण्याचा आणखी एक रस्ता बारावीवाल्यांनाही आहे. बारावी सायन्स झाली पण सीईटीत पर्सेंटाइल हाती लागलं नाही, किंवा बारावी एमसीव्हीसीतून, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या शाखेतून, झाली, तर त्यांनाही तिथे बसता येतं. सायन्स झालेल्या मुलांना मी लगेच हा रस्ता सुचवत नाही, वर्ष जास्त जातं. पण लाखो रुपये मोजून नको त्या कॉलेजात पदवीला बसण्यापेक्षा शासकीय तंत्रनिकेतनात दोन वर्षं घासून मग डीएसईतून चांगलं कॉलेज घेणं कधीही बरं. आमच्याकडून मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन जवळ पडतं. तिथे मनापासून शिकलेल्या मुलांना पुढे सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी अशी नावं ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये, वर टाकायची हिंमत करता येते. पुण्याच्या सीओईपी या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजसाठी मात्र डिप्लोमाला मार्क नव्वदच्या बरेच वर लागतात, तेही मी आधीच सांगते.

एक अडचण मात्र मी कुणापासून लपवत नाही, ती म्हणजे गणित. आयटीआयहून आलेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात येतो तेव्हा पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलं नसतं. डिप्लोमाहून पदवीला गेलेल्याला तिथे पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, भेटतो, लाप्लास आणि फूरियर घेऊन. बारावी सायन्सवाल्यांनी एम-वन, एम-टू केलेले असतात, याने नाही. पहिली केटी बहुतेकांना तिथेच लागते, म्हणजे विषय राहतो. म्हणून प्रवेश पक्का झाला की कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दिवसांत बारावीच्या गणिताचं पुस्तक घेऊन डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची प्रकरणं करायला मी सांगते. माझ्याकडून फॉर्म भरून गेलेली, आता तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेली मुलं सुट्टीत आली की नव्या मुलांना तेवढ्यासाठी माझ्या केंद्रात बसवून घेतात. मागच्या खोलीत फळा लावलाय मी त्यासाठी.

बी.एस्सी. झालेल्यांनाही डीएसईचा फॉर्म भरता येतो, बारावीला गणित असेल तर. प्रवेशानंतर पहिल्या वर्षाचे ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स वेगळे काढावे लागतात. डी.फार्म.वाल्यांना बी.फार्म.चं थेट दुसरं वर्ष आहे. हे दोन्ही रस्ते त्या-त्या कॉलेजांत सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

आता सीमेवरच्या मुलांचं. जत तालुक्याच्या पूर्वेकडे गावागावांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. महाराष्ट्र बोर्डाच्याच, पण शिकवणं कन्नडमधून. या मुलांची दहावी महाराष्ट्राची धरली जाते, कागदोपत्री काही अडत नाही. अडतं ते भाषेत. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. कन्नडमधून आलेल्या मुलाने अकरावीपासूनच सगळं इंग्रजीतून धरलं तर त्याला सोपं जातं. मधेच मराठीकडे वळून पुन्हा इंग्रजीकडे जाण्यात त्याची दोन्हीकडून दमछाक होते.

कागदांची खरी अडचण अथणी, विजापूरकडे नातेवाइकांकडे राहून शिकलेल्यांची. मागच्या एका हंगामात एक मुलगी आली, दहावी कर्नाटक बोर्डाची, बारावी जतची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की दहावी बाहेरची असल्याने तिला महाराष्ट्रातल्या जागा मिळत नाहीत. कॅपमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमध्ये, महाराष्ट्राचे उमेदवार वेगवेगळ्या टाइपमध्ये मोडतात. टाइप ए म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय इथला अधिवास किंवा जन्म. ती त्यात बसत नव्हती. पण टाइप बी आहे. ए मध्ये न बसणाऱ्या उमेदवाराचं स्वतःचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला, असलं की चालतं. तिचं स्वतःचं निघणं अवघड होतं, कारण डोमिसाईलला 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं आणि तिचं बरंचसं बालपण अथणीला मामाकडे गेलेलं. वडील मात्र जन्मापासून जतचे. त्यांचं डोमिसाईल काढलं, आधीच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट जोडलं, आणि ती टाइप बी मधून महाराष्ट्राच्या मेरिट लिस्टमध्ये आली. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. एका दाखल्याचं काम होतं. ते कळलं नसतं तर तिने फॉर्मच भरला नसता.

पलीकडच्या बाजूलाही हे सांगायला हवं. बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या भागांतली जी 865 गावं महाराष्ट्राने आपली म्हणून मागितली आहेत, तिथल्या मराठी भाषक मुलांसाठी टाइप ई वेगळा ठेवला आहे. माझ्या नात्यातल्या निपाणीकडच्या लोकांनासुद्धा तो माहीत नव्हता.

शाळा सुटलेल्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या आसपास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. पोरं आठवी-नववीत गळतात, आणि अठरा-वीस वर्षांची झाल्यावर एखादा पोलीस भरतीची जाहिरात बघून दहावीचं विचारायला येतो. त्याला 17 नंबरचा फॉर्म आहे. शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी देता येते. पाचवी पास असल्याचा शाळेचा दाखला आणि 14 वर्षं पूर्ण, एवढं लागतं. बारावीसाठी दहावी होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात. फॉर्म आदल्या पावसाळ्यातच भरायचा असतो, परीक्षा फेब्रुवारी-मार्चला.

पण फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असतं. कोयत्यावरचा माणूस मुकादमाची उचल घेऊन गेलेला, त्याला परीक्षेसाठी सोडतंय कोण? फॉर्म भरून, फी भरून परीक्षेला न आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी लोक म्हणतात त्याला शिकायचंच नव्हतं. ते बरोबर नाही. त्याला शिकायचं होतं, पण परीक्षा आणि हंगाम एकाच महिन्यात आले. अशा मुलांना मी आता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, मार्ग सुचवते. त्यांची एक परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा टोळ्या गावी परतलेल्या असतात. शिवाय सगळे विषय एकदम द्यायचं बंधन नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. एका उन्हाळ्यात दोन विषय, पुढच्या उन्हाळ्यात तीन, असं करत दहावी काढणारे आहेत. हे सर्टिफिकेट राज्य मंडळाच्या बरोबरीचं आहे, पुढे अकरावीला, डिप्लोमाला, बारावीनंतर पदवीला चालतं. सरकारने ऊसतोड मुलांसाठी वसतिगृहं काढावीत हे खरंच, पण वसतिगृहात जायचं वय निघून गेलेल्यांना आज उपयोगी पडेल असं हेच आहे.

बारावीनंतर कामधंदा सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 सालापासून. त्याचं ब्रीदच आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. आमच्याकडच्या कितीतरी आशाताई, अंगणवाडी सेविका, होमगार्डचे जवान तिथून पदवीधर झालेत. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे कमी दर्जाची असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. रात्री पोरं झोपल्यावर अभ्यास करून मिळवलेली पदवी कमी कशी?

पण वाट निवडताना ती आपल्याला आत घेते का, एवढंच बघून चालत नाही. पुढच्या कोणत्या दारापर्यंत जाते तेही बघावं लागतं. आमच्या भागातल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. लग्न लवकर झालं, दहावी राहून गेली. त्या काळात पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बारावी नसतानाही मुक्त विद्यापीठाच्या पदवीला बसता यायचं. त्या तशा बी.ए. झाल्या, चांगल्या मार्कांनी. गावात बायकांच्या भांडणतंट्यात, पोटगीच्या कामात त्या पुढे असतात, तेव्हा त्यांच्या मनात वकील व्हायचं आलं. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीचा फॉर्म भरायला माझ्याकडे आल्या, सोबत पेढेही आणले होते.

मी त्यांची कागदपत्रं बघितली आणि फी भरण्याआधी थांबले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत असं आहे की दहावी-बारावीची मूळ पायरी न चढता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. बारावी रीतसर करून मग दूरशिक्षणाने पदवी घेतली असती तर काहीच अडचण नव्हती. मी तो नियम स्क्रीनवर उघडून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मग माझी बी.ए. खोटी का गं?" खोटी नाही, पूर्ण खरी आहे, त्या पदवीवर पुढे त्यांनी एम.ए. केलं. पण वकिलीचं दार त्यांच्यासाठी बंद राहिलं, आणि ते बंद आहे हे त्यांना पदवी घेताना सांगितलं गेलं असतं तर त्यांनी आधी दहावी-बारावी दिली असती. काही वर्षं जास्त लागली असती एवढंच. मला ही गोष्ट फार लागली. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही शाळा सुटलेली बाई आली की पदवी कितीही जवळ दिसत असली तरी आधी दहावी, मग बारावी, मग पुढचं, असाच आग्रह मी धरते. पायऱ्यांचा क्रम सरळ असला की उद्या मनात काय येईल त्याला अडवणूक होत नाही.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांसाठी दोन गोष्टी. बीबीए, बीसीए, बीएमएस यांना 2024 पासून सीईटी आहे. पूर्वी बारावीच्या मार्कांवर कॉलेजात जाऊन प्रवेश घ्यायचे, तसं समजून पहिल्या वर्षी आमच्याकडची पुष्कळ मुलं राहून गेली. आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे, 2022 पासून, ती मराठीतूनही देता येते. गुलबर्ग्याजवळचं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आम्हाला पुण्याएवढंच लांब, हैदराबादही काही परदेश नाही. फी कमी, वसतिगृह असतं. फॉर्म मात्र बारावीच्या परीक्षेच्या आसपासच सुटतात, निकालानंतर विचारायला आलात तर मी काहीच करू शकत नाही.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला फीची सवलत हवी असेल तर प्रवेश कॅप राउंडमधून व्हावा लागतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपमधूनच. डिप्लोमाहून डीएसईने जाणाऱ्या मुलींनाही हे लागू पडतं. एका मुलीला एका कॉलेजच्या माणसाने राउंड संपायच्या आतच फोन करून संस्थास्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतः भरायची, जागा घ्यायला लावली, स्कॉलरशिप आम्ही बसवून देऊ म्हणून. बसली नाही. वडिलांनी दोन म्हशी विकून फी भरली. कुणी कितीही गोड बोललं तरी राउंड संपेपर्यंत कॅप सोडू नका. आणि ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका जे खरंच हवंय, कारण पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही.

शेवटी कागद. वेगळ्या वाटेने आलेल्या मुलांचे कागद जास्त असतात आणि प्रत्येकावर नाव जरा वेगळं असतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर शेवटी, आधारवर वडिलांचं नावच नाही. हे सगळं दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या. मधे वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. एनसीएल, म्हणजे नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, 31 मार्चला संपतं, त्यामुळे नव्या वर्षाचं लागतं. जात पडताळणीचा अर्ज डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असतानाच टाका, निकालानंतर टाकला तर जागा हातात येऊन जाते. निकालाची वाट बघत थांबू नका. मे महिन्यात या, मूळ कागदांची फाइल आणि जमलं तर वडिलांना किंवा आईला घेऊन. तेव्हा तहसीलमध्ये गर्दी नसते, डोमिसाईल लवकर निघतं, आणि माझ्याकडेही प्रत्येकाला बसवून नीट समजावून सांगायला वेळ असतो.